तुला काय कमी आहे?

शीर्षक वाचून ही घरातली काहीतरी भानगड असावी असं वाटेल, पण आज मी एका पंक रॉक अल्बमवर लिहिणार आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरी हसून झालेलं आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, बी. ए.सुद्धा मराठी माध्यमातून. त्यामुळे 'पंक' म्हटलं की मला एकच अर्थ ठाऊक, चिखल. पंकात जन्मतं ते पंकज, उपपद तत्पुरुष समास. हे उदाहरण मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. इंग्रजीतला पंक निराळा, हे नातवाकडून कळलं.

झालं असं की मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापालूझा नावाचा मोठा संगीत महोत्सव झाला. ग्रीन डे हा अमेरिकन बँड त्यात पहिल्यांदाच भारतात गायला आला. आमचा नातू खास त्यासाठी नागपूरहून मुंबईला गेला आणि घसा बसवून परत आला. मी विचारलं, "काय आहे रे एवढं त्यांच्यात?" तर म्हणाला, "आजी, तुला कळणार नाही असं नाही, पण आवडणार नाही." असं कुणी म्हटलं की शिक्षकाला राहवत नाही. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बममधल्या गाण्यांचे शब्द त्याला मोठ्या टाइपात छापून आणायला लावले, शब्दकोश जवळ घेतला आणि तीन-चार दुपारी बसून ऐकले. काही जागी शब्दकोशाने हात टेकले, तिथे नातवाने अर्थ सांगितला. काही जागी तो लाजला आणि मी पुढे गेले.

आवडलं का? कानाला नाही. पण त्यात एक गोष्ट सापडली, जी आपल्या घरांत मला क्वचित ऐकायला मिळाली आहे. त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी पंक म्हणजे काय ते थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ही तऱ्हा सुरू झाली. त्या काळचं रॉक फार कसबी आणि लांबलचक झालं होतं. त्याला कंटाळलेल्या पोरांनी ठरवलं की तीन कॉर्ड वाजवता आले म्हणजे पुरे. गाणी दोन-तीन मिनिटांची, वेग भरधाव, आवाज कर्कश आणि शब्द रस्त्यावरचे. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही तर आपणच रेकॉर्ड काढायची, आपणच पत्रकं छापायची. आपल्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ झाली. सायक्लोस्टाइल केलेले अंक, प्रतिष्ठित मासिकांना ठेंगा आणि सभ्य माणसाने उच्चारू नयेत असे शब्द. पुढे १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा किती जणांनी नाकाला पदर लावला ते माझ्या पिढीला आठवत असेल. मला तरी पंक त्या जातकुळीचं वाटलं.

आता हा अल्बम. नाव 'डूकी'. याचा अर्थ शी! नातवाने सांगितलं तेव्हा आमच्या सूनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. १ फेब्रुवारी १९९४ ला तो निघाला. चौदा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. गाणारा आणि बहुतेक शब्द लिहिणारा बिली जो आर्मस्ट्राँग तेव्हा बावीस वर्षांचाही झालेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या रोडिओ नावाच्या लहान गावचा मुलगा, सहा भावंडांत शेंडेफळ. वडील ट्रक चालवत आणि हौसेने जॅझ वाजवत. हा दहा वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, ते कर्करोगाने गेले. आई हॉटेलात वाढण्याचं काम करायची. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पठ्ठ्याने शाळा सोडली. हे वाचून माझ्यातली बाई थोडी दुखावली, पण असो.

या अल्बमच्या अमेरिकेत एक कोटीच्या वर प्रती गेल्या, ग्रॅमी मिळालं. आणि गंमत म्हणजे बर्कलीच्या ज्या लहानशा क्लबात हे वाढले, तिथे त्यांना मज्जाव झाला, कारण मोठ्या कंपनीशी करार केलेल्यांना तिथे वाजवू देत नसत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात पाऊस पडून मैदानाचा राडा झाला होता. तिथे प्रेक्षकांनी या पोरांवर चिखलाचे गोळे फेकले, यांनी उलट फेकले आणि ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. म्हणजे माझा समासातला पंक अगदीच वाया गेला नाही.

अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'बास्केट केस'. या शब्दाचा इतिहास मी नातवालाच शोधायला लावला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत अफवा होती की हातपाय गमावलेल्या सैनिकांना टोपलीत घालून न्यावं लागतं. १९१९ मध्ये सरकारी पत्रक काढून ती फेटाळावी लागली. असे सैनिक कुणाला सापडले नाहीत, पण शब्द राहिला आणि पुढे तो मनाने कोलमडलेल्या माणसाला चिकटला. थोडक्यात आपलं 'कामातून गेलेला'. हा शब्द गाणारा स्वतःलाच लावतो. आपली रडगाणी ऐकायला वेळ आहे का, असं तो ऐकणाऱ्याला विचारतो. आपलंच मन आपल्याला फसवतंय की आपण खरोखर वेडे होतोय, हे त्याला उमगत नाही. कुणाकडे जाऊन विचारावं तर मिळणारी उत्तरं हास्यास्पद. चाल इतकी उडती की शब्द हातात नसते तर हे मौजेचं गाणं आहे असंच मी समजले असते.

ते मौजेचं नव्हतं. आर्मस्ट्राँगला तेव्हा पॅनिक अटॅक येत होते. आपल्याला काय होतंय हे त्याला माहीत नव्हतं. आपलं आपल्याला कळावं म्हणून त्याने ते गाण्यात लिहिलं, आणि याला 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणतात हे पुढे कित्येक वर्षांनी समजलं, असं त्यानेच सांगितलेलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. गाणं आधी आलं, आजाराचं नाव नंतर.

पॅनिक अटॅक म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगते. वाघ समोर आला तर शरीर जे करेल ते सगळं शरीर करतं, फक्त वाघ नसतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, हाताला मुंग्या येतात आणि आत्ताच आपण मरणार किंवा डोकं फिरणार अशी खात्री वाटते. बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत तो कळस गाठतो आणि मग ओसरतो. माणूस धावत डॉक्टरकडे पोचतो तोवर ईसीजी सरळ. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात गॅस असेल. खरा त्रास यापुढे सुरू होतो. पुन्हा येईल या धास्तीने माणूस जिथे झटका आला ती जागा टाळतो. आधी बस, मग गर्दी, मग लिफ्ट, मग घराचा उंबरठा.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कामठीहून रोज बसने येत. फळ्यासमोर उभे राहिले की वर्ग चिडीचूप, हेडमास्तरांनाही तोंडावर सांगणारा माणूस. एकदा ते अर्ध्या वाटेत बसमधून उतरले आणि उरलेली वाट चालत आले, घामाने चिंब. मग हे वरचेवर होऊ लागलं. तीनदा ईसीजी झाला, तिन्ही चांगले. स्टाफरूममध्ये ज्याचं त्याचं निदान. कुणी पित्त म्हणालं, कुणी साडेसाती, कुणी डब्यातून ओवा आणून दिला. सरांनी बस सोडली, सायकलवर यायला लागले. ऊन असो, पाऊस असो. मग प्रार्थनेच्या वेळी मैदानाच्या कडेला, फाटकापाशी उभे राहू लागले. मुलीच्या लग्नात आत मंगलाष्टकं चालली होती आणि वधूपिता मंगल कार्यालयाच्या पायरीवर, चपला घालून, बाहेर तोंड करून उभा होता. मी ते पाहिलंय. नोकरीची सात-आठ वर्षं हातात असताना त्यांनी राजीनामा दिला. कारण काय, तर 'हार्टचा त्रास'. हार्ट शेवटपर्यंत ठणठणीत होतं.

अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या वर्गीकरणात 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र नाव १९८० मध्ये आलं. म्हणजे सर बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या आजाराला नाव होतं. पण ते कामठीपर्यंत पोचलेलं नव्हतं. आणि पहा, दहा-बारा वर्षांनंतर खुद्द कॅलिफोर्नियात राहणाऱ्या त्या गाणाऱ्या पोरापर्यंतही ते पोचलेलं नव्हतं. दोघांना एकच दुखणं. त्याने ते गिटार घेऊन ओरडून सांगितलं. सर ओरडू शकत नव्हते. गणिताचे सर, घरचे कर्ते, पोटच्या पोरीचं कन्यादान करायचं होतं. सांगणार कुणाला? एकदा सहज बोलले होते, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, सरकारी पगार, स्वतःचं घर, दोन्ही मुलं हुशार. तुम्हाला काय कमी आहे?" झालं. पुन्हा ते बोलले नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपण मराठी लोक मनाबद्दल काही कमी बोललेलो नाही. समर्थांचे मनाचे श्लोक दोनशे पाच, त्यातले निम्मे मला अजून पाठ आहेत. तुकोबांनी स्वतःच्या मनाची उलघाल जितकी उघडपणे मांडली तितकी फार थोड्यांनी मांडली असेल. आमच्या नागपूरच्या ग्रेसांनी तर दुःखाला अशी काही भाषा दिली की 'संध्याकाळच्या कविता' हातात घेतल्यावर दुःखाचाच हेवा वाटावा. भावगीतांत विरह आहे, एकटेपण आहे, कातरवेळ आहे. हे सगळं माझं आवडतं आहे आणि शेवटपर्यंत राहील.

पण रोजच्या घरात या वारशातून आपण दोनच गोष्टी उचलल्या. एक उपदेश आणि दुसरं सौंदर्य. मुलगा म्हणाला की मला बरं वाटत नाही, तर आपण मनाला आवर घालायला सांगतो. किंवा मग त्याचं दुःख हळवं, काव्यमय असेल तर कौतुकाने ऐकतो. आजारी मन मात्र बहुधा काव्यमय नसतं. ते कंटाळवाणं असतं, तेच तेच बोलतं, चिडचिड करतं, अंघोळ करत नाही, ताटावरून उठतं. या अल्बममध्ये एक अख्खं गाणं कंटाळ्यावर आहे. घरात पडून राहायचं, टीव्ही बघायचा, काही करावंसं वाटत नाही, आणि त्याचीच किळस येते. ऐकायला ते कुरूप आहे. पण वर्गाच्या शेवटच्या बाकावर मी तीस-पस्तीस वर्षं जे चेहरे पाहिले, त्यांतल्या काहींचं तंतोतंत वर्णन त्यात आहे. उपदेशाला जागा आहे, सौंदर्यालाही आहे. त्यांच्या आधी नुसती हकीकत ऐकून घेण्याला जागा हवी. हे पंकवाले तेवढंच करतात, मनाची हकीकत सांगतात.

यावर माझ्या वयाच्या मंडळींचे आक्षेप मला तोंडपाठ आहेत, कारण आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये मी विषय काढला होता.

पहिला आक्षेप, असली गाणी ऐकून पोरं बिघडतात. बिघडतही असतील थोडी, शिव्या तर नक्कीच शिकतात. पण आपल्याला जे होतंय ते आणखी कुणाला झालंय हे कळणं, हा एकट्या पडलेल्या मुलाला मोठा आधार असतो. आणि घरातल्या मोठ्यांना त्याहून मोठा सुगावा असतो. मूल एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत असेल तर आवाज कमी कर म्हणण्याआधी त्यात काय म्हटलंय ते विचारावं.

दुसरा आक्षेप, आजकाल जो उठतो तो डिप्रेशन म्हणतो, फॅशन झाली आहे. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीची धाकधूक म्हणजे आजार नव्हे. पण खरंखोटं ठरवायचं काम तुमचं-माझं नाही. ताप आला म्हटलं तर आपण थर्मामीटर लावतो, "तुला कशाला ताप येईल?" असं म्हणत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. त्यामुळे उगीच म्हणणाऱ्यांपेक्षा, असून न म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

तिसरा आक्षेप आमच्या यांचा, आणि तो खरा वजनदार. "एवढं गाऊन त्या गाणाऱ्याचं तरी भलं झालं का?" तर नाही झालं, नुसत्या गाण्याने नाही. २०१२ मध्ये लास वेगासला भर मंचावर त्याचा तोल सुटला, गिटार आपटून फोडली, आणि मग दारू नि गोळ्यांच्या व्यसनासाठी उपचार घ्यावे लागले. हे मी लपवणार नाही, नातवालाही लपवू दिलं नाही. गाणं म्हणजे औषध नव्हे. गाण्याने दार उघडतं, पण आत डॉक्टर लागतोच. आणि पॅनिक डिसऑर्डरवर चांगले उपचार आहेत. औषधं आहेत आणि विचार-वर्तन बदलण्याची पद्धतशीर थेरपी आहे. ज्या बसची भीती वाटते त्या बसमध्ये थोडं थोडं करून पुन्हा बसायला शिकवतात. बऱ्याच जणांना त्याने पुष्कळ बरं वाटतं.

त्या गाण्याचा व्हिडिओ नातवाने मला दाखवला. कॅलिफोर्नियातल्या ॲगन्यूज नावाच्या, बंद पडलेल्या मनोरुग्ण संस्थेच्या इमारतीत तो चित्रित केलाय. मुळात कृष्णधवल आणि मग वरून भडक रंग दिलेला. तो पाहताना मला आपला छिंदवाडा रोड आठवला. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात आणि ऑटोवालेही त्याच नावाने सवारी घेतात. माझ्या लहानपणी "पागलखान्यात टाकून येईन" ही पोरांना द्यायची नेहमीची धमकी होती. ज्या जागेची धमकी ऐकत माणूस वाढतो, त्या जागेच्या ओपीडीत तो चाळिशीत आपणहून कसा जाईल? अल्बमवाल्या पोरांनी तशाच एका इमारतीत जाऊन गिटार वाजवली आणि जगभरच्या टीव्हीवर दाखवली. थोडी भीती त्याने चेपली असेलच.

आपल्याकडे कुणी काही केलं नाही असंही नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच संस्था सुरू केली आणि मराठीतून मनाच्या आरोग्याबद्दल घराघरांत बोलणं आणलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया आणि 'कासव'मध्ये नैराश्य दाखवलं. 'कासव'ला तर राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. पाहिला नसेल तर जरूर पाहा. त्यातली मोठी माणसं त्या मुलाला फार प्रश्न विचारत नाहीत, नुसती जवळ असतात. सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीतूनही बोलता येतं. फ्रिजवर लावून ठेवा. आम्ही गॅसच्या नंबराखाली लावलाय.

पण डॉक्टर, सिनेमा, फोन हे सगळं दुसऱ्या पायरीवर आहे. पहिली पायरी घरातच असते, आणि तिथे बहुतेक वेळा आपण, म्हणजे आजी-आजोबा, आई-बाप, काका-आत्या बसलेले असतो. तिथे 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न आपण कायमचा टाकून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो वरवर प्रश्न दिसतो, पण असतो निकाल. त्याचा अर्थ, तुझ्याकडे सगळं आहे, तेव्हा तुला त्रास व्हायचा हक्क नाही. त्यावर कुणी काय उत्तर देणार? कमी काहीच नसतं. गणिताच्या सरांनाही नव्हतं. जगभर अल्बम खपलेल्या, मंचावर गिटार फोडणाऱ्या त्या गाणाऱ्याला २०१२ मध्ये काय कमी होतं?

त्याऐवजी खेड्यातला साधा डॉक्टरसुद्धा विचारतो तो प्रश्न विचारावा. कधीपासून? एवढंच. कधीपासून होतंय, झोप येते का, जेवण जातं का, तेव्हा नेमकं काय होतं. यात उपदेश नाही, शंका नाही आणि कवितेची गरज नाही. ज्याला विचारलं त्याला निदान एवढं कळतं की समोरच्याने हे खरं धरलं आहे. पुढचं तो सांगेल. आज नाही तर चार दिवसांनी सांगेल, कदाचित वेड्यावाकड्या शब्दांत सांगेल. ते शब्द तेव्हा सुधारायला जाऊ नका. हे मी व्याकरण शिकवलेली बाई सांगते आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर मला जरूर लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल.